काठी हलकी, टिकाऊ कीं स्वस्त?

सुट्टीच्या दिवशीं सकाळीं शाळेमागील खाडीवर जावें, तों आमच्या शाळेंतील आठ-दहा मुलें आणि अलीकडे दोन-तीन मुलीही, अशीं सर्व गळ टाकून बसलेलीं आढळतात. कोणाच्या हातीं कुंपणांतून तोडलेला बांबू असतो, तर कोणाच्या हातीं दुकानांतली चकचकीत काठी व तिच्यावर बसविलेलें रीळ. सोमवारीं मधल्या सुट्टींत मासा केवढा होता ही चर्चा संपली कीं दुसरी सुरू होते: कोणाची काठी किती ग्रॅमची, आणि कोणाच्या रिळांत किती बेअरिंग. ह्या चर्चेंत हार खाल्लेला मुलगा घरीं हट्ट धरतो, आणि त्याचे वडील पालकसभेच्या दिवशीं आम्हांस गांठून विचारतात, "सर, ही काठी घ्यावी तरी कोणती?" आम्हांस गळाचा नाद आहे हें गांवांत सर्वांस ठाऊक असल्यामुळें हा प्रश्न मराठीच्या शिक्षकाकडे येतो. त्याचें उत्तर एकदां लेखी देऊन ठेवावें म्हणून हा लेखनप्रपंच. त्यास आणखी एक कारण आहे. तें पुढें सांगूं.

दुकानदाराच्या तोंडीं तीन शब्द सदैव खेळत असतात: हलकी, टिकाऊ, स्वस्त. ह्यांतील कोणतेही दोन गुण एका काठींत मिळूं शकतात, तिन्ही मिळत नाहींत. हलकी व टिकाऊ काठी मिळते, ती स्वस्त नसते. हलकी व स्वस्त मिळते, ती टिकत नाहीं. टिकाऊ व स्वस्त मिळते, ती हातास जड लागते. तेव्हां तीन गुणांपैकीं कोणत्या एकाचा त्याग करावयाचा, एवढाच प्रश्न खरा. आमचें मत असें आहे कीं विद्यार्थ्यानें हलकेपणाचा त्याग करावा. हें मत आमचें पहिल्यापासून नव्हतें.

हा तिढा आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतील कारागीर बांबूच्या सहा पट्ट्या तासून, त्या सरसानें चिकटवून षट्कोनी काठी करीत असत. आरंभीं त्यासाठीं लागणारा बांबू हिंदुस्थानांतून जात असे, आणि तिकडे त्यास 'कलकत्ता केन' असेंच नांव पडलें होतें. पुढें दक्षिण चीनमधील टोंकिन बांबू अधिक सरळ व दाट तंतूंचा म्हणून पुढें आला. ह्या काठ्या दिसण्यांत फार देखण्या. परंतु ओल त्यांस सोसत नसे आणि एकेका काठीवर कारागिराचे कित्येक तास जात. १९४० नंतरच्या दशकांत आर्थर हॉवल्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें कांचेच्या तंतूंची काठी सिद्ध केली. ती ओलीस दाद देईना, आणि कारखान्यांत शेंकड्यांनीं तयार होऊं लागली. १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला, तेव्हां टोंकिन बांबू तेथें दुर्मिळ झाला आणि कांचतंतूंचें राज्य पक्कें झालें. मग १९७३ च्या सुमारास फेनविक कंपनीनें कार्बनतंतूंची काठी बाजारांत आणली. वजनाच्या मानानें कार्बनतंतूचा ताठपणा कांचतंतूच्या कितीतरी पट असल्यामुळें काठी बारीक झाली, पोकळ झाली, पातळ कवचाची झाली. ह्या सर्व शोधांचा ओघ एकाच दिशेनें गेला, आणि ती दिशा हलकेपणाची.

हलकेपणाचें हें माहात्म्य खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तो कोठें उपयोगी पडतो हें नीट समजलें पाहिजे. ज्यांस पदार्थविज्ञानांतील तरफेचा पाठ आठवत असेल त्यांनीं काठी मनांत उभी करावी. सात फुटी काठीच्या शेंड्याकडे, हातापासून सहा फुटांवर असलेलें दहा ग्रॅम वजन हें हातापासून एका फुटावर टांगलेल्या साठ ग्रॅमांइतकें मनगटास ओढतें. काठी झोंकावयाची म्हटलें तर हिशेब याहून कठीण. तेथें अंतराचा वर्ग येतो, आणि सहाचे छत्तीस होतात. उलट रीळ हातापाशींच असतें. तें पन्नास ग्रॅमांनीं जड असलें तर दिवसभर वागवितांना जाणवेल, पण काठी खालीं झुकविणार नाहीं. जड शेंड्याच्या काठीस तर तें थोडें तोलूनही धरतें. म्हणून दुकानांत काठी तराजूंत घालून तिचे ग्रॅम मोजण्यापेक्षां तिच्यावर आपलें रीळ चढवावें, आणि रिळाच्या किंचित् पुढें एका बोटावर काठी आडवी धरावी. ती तेथें जवळजवळ समतोल राहिली तर ती दोनशें चाळीस ग्रॅमची असूनही हातास हलकी लागेल. शेंड्याकडे धांवली तर ती दीडशें ग्रॅमची असूनही तासाभरांत मनगट धरेल.

आतां ह्याहून महत्त्वाची गोष्ट. गळ टाकण्याचे प्रकार दोन. एकांत लांकडाचें, प्लास्टिकचें वा धातूचें कृत्रिम आमिष फेंकावयाचें, तें पाण्यांतून मासोळीसारखें ओढीत आणावयाचें, आणि पुन्हां फेंकावयाचें. मिनिटास एक फेंक धरली तरी दोन तासांत एकशेंवीस फेंका होतात. येथें शेंड्यांतील एकेक ग्रॅम मोलाचा. दुसऱ्या प्रकारांत गळास कोळंबी, गांडूळ किंवा कणीक लावावयाची, शिसें बांधून एकदां फेंकावयाचें, आणि काठी बेचक्यांत ठेवून बसावयाचें. येथें काठीचें वजन हात उचलीत नाहीं, बेचकें उचलतें. आमच्या खाडीवर बसणाऱ्या मुलांपैकीं बहुतेक सर्व ह्या दुसऱ्या प्रकारचीं. ज्या हलकेपणासाठीं त्यांच्या वडिलांनीं दुप्पट-तिप्पट पैसे मोजलेले असतात, तो हलकेपणा सकाळभर बेचक्यांत निजून असतो.

आणि हा हलकेपणा फुकट मिळत नाहीं. कार्बनच्या काठीवर '२४ टन', '३० टन', '४० टन' असे आंकडे छापलेले असतात. तो आंकडा मोठा तितकी काठी बळकट, असें मुलांस वाटतें. वास्तविक तो आंकडा तंतूच्या ताठपणाचा आहे, बळकटीचा नव्हे. तंतू जितका ताठ तितका तो कमी वापरून भागतें, कवच पातळ करितां येतें. आणि पातळ कवचाची काठी मासा ओढतांना जरी निमूट वांकली, तरी खडकावरची एक ठेंच तिला पुरते. ठेंच लागली त्या दिवशीं कांहींच दिसत नाहीं. तंतूंस बारीक चीर गेलेली असते, आणि पुढें एखाद्या सकाळीं लहानशा माशाच्या ओढीनें काठी त्याच जागीं कडकन् मोडते. मग मुलगा म्हणतो, मासा फार मोठा होता. शिवाय काठ्या माशांपेक्षां मोटारीच्या दारानें आणि घरांतल्या छताच्या पंख्यानेंच अधिक मोडतात, हा आमचा अनुभव आहे. कांचतंतूची काठी जड खरी, सुस्त खरी. पण ती वांकते, ठेंच सोसते आणि पोरवयाचा धसमुसळेपणा क्षमा करते. दोन्ही तंतू मिसळून केलेल्या काठ्याही मिळतात, आणि विद्यार्थ्यांस आम्ही त्याच सुचवितों.

आतां तें दुसरें कारण. २०२२ च्या उन्हाळ्यांत नववींत गेलेल्या एका मुलाचे वडील आमच्याकडे आले. ते एस. टी. मध्यें कंडक्टर. मुलगा पास झाला म्हणून त्यास काठी द्यावयाची होती. "सर, तुम्ही सांगाल ती घेतों," असें ते म्हणाले. त्या वर्षीं आम्हीं स्वतः एक कार्बनची काठी घेतली होती, वजन अवघें एकशें दहा ग्रॅम, आणि आमच्या डोळ्यांवर तिची धुंदी होती. आम्हीं तीच सांगितली. सहा हजार रुपये हे त्या घरास किती होतात हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. आम्हीं त्याचा विचार केला नाहीं इतकेंच. त्या सद्गृहस्थांनीं एका शब्दानें घासाघीस न करितां ती काठी आणली.

दीड महिन्यांत ती मोडली. गळ कालवांच्या खडकांत अडकला होता. मुलानें तो सुटावा म्हणून काठी डोक्यामागें नेऊन सरळ उभी ओढली. असें केलें कीं सर्व ताण जाड बुंध्यावर न येतां शेंड्यावर येतो. शेंड्यापासून वीतभर खालीं ती तुटली. अडकलेला गळ सोडवितांना काठी पाण्याकडे सरळ रोंखावी, तंगूस हाताला फडकें गुंडाळून धरावा आणि मागें चालत जावें, हें आम्हीं त्यास शिकविलें नव्हतें. महाग वस्तु घ्यावयास सांगितली, ती वापरावयास सांगितली नाहीं.

मुलानें घरीं कांहीं सांगितलें नाहीं. काठीचे तुकडे माळ्यावर लपविले, आणि अभ्यास फार आहे ह्या सबबीवर खाडीवर जाणें सोडलें. वडील बिचारे दिवाळींत त्याच्यासाठीं नवे गळ व तंगुसाचें नवें बंडल घेऊन आले! तेव्हां त्याच्यानें राहवेना. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर तो शिक्षकांच्या खोलींत आला, तुकडे आमच्या मेजावर ठेविले आणि "सर, माझ्या हातून..." इतकेंच म्हणाला. आम्ही दुकानांत गेलों. दुकानदारानें हमीचा छापील कागद दाखविला. वापरांत मोडलेल्या काठीची हमी त्यांत नव्हती, आणि तसें तें वाजवीच होतें. मग आम्ही मुलाबरोबर त्याच्या घरीं गेलों, आणि सल्ला आमचा होता, तेव्हां चूक आमची, असें वडिलांस सांगितलें. ते कांहीं वेळ तुकडे हातांत फिरवीत बसले. मग म्हणाले, "सर, मोडली तर मोडली. पण ह्यानें पाण्यावर जायचं बंद केलं, तें वाईट झालं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

तेव्हांपासून आम्ही सल्ला देतों तो निराळा. जी वस्तु मोडेल ह्या भीतीनें मूल ती वापरीनासें होतें, ती त्याच्यासाठीं महाग आहे, मग वडिलांच्या खिशास ती परवडो वा न परवडो. आमच्या पाहण्यांत विद्यार्थ्यास काठी व रीळ मिळून दोन ते तीन हजार रुपयांत उत्तम भागतें, आणि त्यांतील मोठा वाटा काठीवर न घालतां रिळावर घालावा. कोणी म्हणेल, स्वस्त वस्तु शेवटीं महागांत पडते. रिळाच्या बाबतींत हें अक्षरशः खरें आहे. काठीच्या बाबतींत नाहीं. काठीस फिरणारा एकही भाग नाहीं. ती जपली तर झिजण्यासारखें तींत थोडेंच असतें. रीळ हें यंत्र आहे, आणि यंत्र झिजतें.

रिळाची कल्पना फार जुनी. मा युआन ह्या चिनी चित्रकाराच्या ११९५ सालच्या चित्रांत नावेंत एकटा बसलेल्या कोळ्याच्या काठीवर रीळ स्पष्ट दिसतें. आपलीं मुलें वापरतात तें रीळ मात्र बऱ्याच अलीकडचें. त्यांत तंगुसाची चकरी फिरत नाहीं. फेंकतांना तंगूस तिच्या कडेवरून वेटोळ्यांनीं सुटतो, आणि गुंडाळतांना एक तारेची कमान तिच्याभोंवतीं फिरते. अशा रचनेचें पेटंट १९०५ सालीं ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड इलिंगवर्थ ह्यानें घेतलें, आणि तो स्वतः लोंकर-कताईच्या धंद्यांतला होता. गिरणींतल्या चातीवरून सूत सुटतें तसाच हा तंगूस सुटतो.

ह्या रिळांत प्रथम मोडते ती तारेच्या कमानीची स्प्रिंग, प्रथम झिजते ती तंगूस जीवरून वळतो ती लहान गिरकी, आणि प्रथम गंजतें तें आंतलें बेअरिंग. बेअरिंगांच्या संख्येचा तर बाजारांत नुसता लिलाव चालतो. हलक्या प्रतीचीं बारा असण्यापेक्षां चांगलीं चार असणें बरें, विशेषतः खाऱ्या पाण्यावर, जेथें प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे गंजण्यास एक जादा जागा. दुकानांत रिळाची मूठ हळूहळू फिरवावी. दांतांची खरखर बोटांस जाणवली तर तें ठेवून द्यावें. चकरीच्या टोंकास असलेला ड्रॅगचा स्क्रू सैल करून तंगूस ओढून पाहावा. तो हिसक्यांनीं न येतां एकसारखा आला पाहिजे. घरीं आल्यावर तंगुसाच्या शक्तीच्या चौथ्या हिश्शावर ड्रॅग बसवावा. तंगूस पांच किलोचा असेल तर सव्वा किलोच्या ओढीस तो सुटूं लागला पाहिजे. प्रयोगशाळेंतला तानकाटा ह्या कामीं विज्ञानाचे शिक्षक आनंदानें देतील, आम्हीं त्यांस विचारून ठेविलें आहे. लहान हाताच्या मुलामुलींनीं '४०००' आंकड्याचें रीळ घेऊं नये. '२५००' पुष्कळ झालें. खाडीवरून आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करावा, पुसून सावलींत वाळवावें, मग ड्रॅग सैल सोडावा. नळाची जोराची धार मात्र धरूं नये. तिनें मीठ धुतलें न जातां आंत ढकललें जातें. ह्या पांच मिनिटांच्या कामानें दोन वर्षांचें रीळ सहा वर्षें चालतें. तें काम आईनें करावयाचें नाहीं, हें येथें सांगून ठेवावेंसें वाटतें.

काठी घेतांना तीवरच्या कड्या तेवढ्या नीट पाहाव्या. आंतल्या चिनी मातीसारख्या वळ्यास केंसाएवढी चीर असली तरी ती तंगूस कापते. कापसाचा बोळा प्रत्येक कडींतून फिरवावा; चीर असेल तेथें कापूस अडकतो. मुठीच्या वर किती वजनाचें आमिष व किती शक्तीचा तंगूस ह्यांचे आंकडे छापलेले असतात. ते मुलें वाचीतच नाहींत, व हलक्या काठीस जाड तंगूस लावून काठीच आधीं मोडण्याची व्यवस्था करून ठेवतात.

एक गोष्ट मात्र वजन, टिकाऊपणा व किंमत ह्या तिहींच्याही बाहेरची आहे, आणि ती पालकांनीं घरीं स्वतः सांगावी. कार्बन हा विजेचा वाहक आहे. कार्बनची लांब काठी उभी धरून विजेच्या तारांखालून जातांना तिचा तारेस स्पर्श झाला तर प्राण जातो, आणि जगांत अशीं माणसें गेलीं आहेत. आमच्या बंधाऱ्याच्या वाटेवर तारा आहेत. तेथून जातांना काठी, मग ती कशाचीही असो, दोन तुकडे सुटी करून आडवी न्यावी. आणि आभाळांत गडगडूं लागलें कीं काठी खालीं ठेवून कांठ सोडावा. मासा त्या दिवशीं कितीही लागत असो.

त्या मुलास २०२३ च्या उन्हाळ्यांत त्याच्या वडिलांनीं दुसरी काठी घेतली. ह्या वेळीं आम्ही तिघे मिळून दुकानांत गेलों. मिश्र तंतूंची, दोन तुकड्यांची, सात फुटांची काठी अकराशें रुपयांस मिळाली. रीळ सोळाशेंचें घेतलें. परत येतांना मुलानें वाण्याच्या कांट्यावर काठी ठेवून पाहिली. दोनशें पस्तीस ग्रॅम भरली. "सर, तुमच्या काठीच्या दुप्पट," असें म्हणून त्यानें आमच्याकडे पाहिलें. वडील कांहींसे ओशाळले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही खाडीवर गेलों, तों तो आमच्या आधींच तेथें आलेला. काठी त्यानें बेचक्यांत ठेविली होती, आणि मांडीवर फडकें पसरून तो कणीक मळीत होता.